सबवूफरला कुठली वायर घ्यायची?
आधी सबच्या मागे बघा, पॉवर कॉर्ड असेल तर तो अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेला, त्याला बहुतेक वेळा स्पीकर वायर लागतच नाही, एक शिल्डेड (बाहेरची खरखर अडवणारं आवरण असलेली) आरसीए केबल, म्हणजे गोल पिनची ऑडिओ सिग्नलची केबल, पुरे. पॅसिव्ह, म्हणजे बाहेरच्या अ‍ॅम्प्लिफायरवर चालणारा, असेल तरच गेजचा, म्हणजे वायरच्या जाडीच्या नंबरचा विचार, आणि नंबर जितका कमी तितकी वायर जाड हे लक्षात ठेवा, ४ ओहमच्या सबला साधारण ७ मीटरपर्यंत १६ गेज चालते, १२ मीटरपर्यंत १४, त्यापुढे १२ घ्या. मडगाव-म्हापशाच्या दुकानात स्वस्त वायर दाखवली की टोक खरवडून बघा, आत चंदेरी दिसलं तर बहुधा सीसीए, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, तिचा रेझिस्टन्स जास्त. पण टिन केलेलं तांबं पण वरून चंदेरीच असतं, ते खरवडल्यावर आत लाल निघतं आणि आपल्या खाऱ्या दमट हवेत तेच बरं, कारण उघडी तांब्याची टोकं पावसाळ्यात काळी-हिरवी पडतात. प्लस-मायनस दोन्हीकडे सारखं जोडा, उलटं झालं तर बास पातळ वाटतो. सोन्याचा मुलामा वगैरेवर उगाच पैसे घालू नका.