मशीनआधी ट्यूब बघा: ग्लायकोफोरिन एवर काम करणाऱ्या नवख्यांसाठी

तांबड्या पेशींवरची प्रथिनं मोनोक्लोनल अँटिबॉडीने शोधायला येताय, तर सीडी२३५एपासून, म्हणजे ग्लायकोफोरिन ए या प्रथिनाला धरणाऱ्या अँटिबॉडीपासून, सावध राहा. पेशी ओळखायला सगळे हीच अँटिबॉडी घालतात, आणि हीच पेशींना एकमेकींना चिकटवते.

ग्लायकोफोरिन एच्या एका पेशीवर सुमारे दहा लाख प्रती असतात, शिवाय ते पृष्ठभागावरून बरंच वर आलेलं असतं. आयजीजी या दोन हातांच्या अँटिबॉडीचा एक हात या पेशीला, दुसरा शेजारणीला, की झाली जोडी. फ्लो सायटोमीटर, म्हणजे पेशी एकेक करून लेझरसमोरून मोजणारं मशीन, तिला एकच पेशी समजतो. पीएनएच (काही पेशींवर सीडी५९सारखी संरक्षक प्रथिनं नसण्याचा रक्ताचा आजार) तपासताना सीडी५९ नसलेली पेशी असलेलीला चिकटली, तर जोडी पॉझिटिव्हमध्ये मोजली जाते आणि क्लोन, म्हणजे सदोष पेशींचा गट, आहे त्यापेक्षा लहान दिसतो. आलेख मात्र देखणा येतो! मला या प्रकाराने अख्खा पावसाळा छळलं, म्हणून एवढं लांबण लावतेय.

सेंट्रिफ्यूजमधून काढलेली ट्यूब उजेडासमोर धरून हळूच तिरकी करा. तळाचं लाल बटण धुरासारखं उठलं तर ठीक. कण कण होऊन सुटलं तर ती मशीनला लावूच नका. एक थेंब स्लाइडवरही बघा. एफएससीची (पेशीवरून समोर विखुरलेल्या प्रकाशाच्या सिग्नलची) उंची आणि क्षेत्रफळ लावून जोड्या गेटबाहेर, म्हणजे मोजणीबाहेर, काढता येतात, पण सगळ्या नाही.

खरा उपाय टायट्रेशन, म्हणजे अँटिबॉडी टप्प्याटप्प्याने विरळ करत योग्य प्रमाण शोधणं. सिनियरच्या वहीतलं डायल्यूशन उतरवून घेऊ नका. त्या वहीत लॉट नंबर लिहिलेला मी अजून पाहिलेला नाही. गाइडही आलेखाआधी ट्यूब मागणारा मिळाला तर नशीब समजा. टायट्रेशनला दुपार जाते, साखळीची कदंब बस चुकते. चुकू दे.

आणि अँटिबॉडीचा एक क्लोन निगेटिव्ह आला म्हणून ‘प्रथिन नाही’ असं लिहू नका. पपेन हे प्रथिनं कापणारं एन्झाइम दिलेल्या पेशींवर डफी प्रथिनाचा एफवाय६ एपिटोप (अँटिबॉडी धरते तो भाग) जातो, एफवाय३ राहतो. प्रथिन जागेवरच असतं. व्हायवॅक्स मलेरियाचा परजीवी डफीलाच धरून पेशीत शिरतो, त्यावर काम करणाऱ्यांनी तर हे आधी वाचावं.

बाकी घाबरण्यासारखं काही नाही. मोनोक्लोनल अँटिबॉडीची पद्धत काढणाऱ्या क्योलर आणि मिलस्टीन यांची १९७५ची हायब्रिडोमाही (अँटिबॉडी बनवणारी संकरित पेशी) मेंढीच्या तांबड्या पेशींविरुद्धच अँटिबॉडी बनवत होती. नमुना मुबलक, पेशीत केंद्रक नाही, निकाल त्याच दिवशी.

पीई (फायकोएरिथ्रिन हे चमकणारं रंगद्रव्य) जोडलेली अँटिबॉडी मात्र फ्रीजरमध्ये ठेवू नका, पावसात वीज गेली तरी. आइसबॉक्समध्ये, अंधारात, बर्फाला थेट टेकू न देता.