कूलंटचा तुटका कनेक्टर

चार दिवस कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी खाली जात होती, पण गाडीखाली थेंब दिसेना. शेवटी इंजिनाच्या मागच्या बाजूला, हीटरचा पाइप जिथे बसतो तिथे वाळलेला पांढरट थर सापडला. तिथला प्लॅस्टिकचा कनेक्टर वर्षानुवर्षं तापून बिस्किटासारखा ठिसूळ झालेला. पाइप जरा हलवला, तर अर्धा तुकडा हातात आणि अर्धा इंजिनात!

इंजिन पूर्ण गार होऊ दिलं, मगच कूलंटच्या टाकीचं झाकण उघडलं. गरम असताना उघडलं तर उकळतं कूलंट अंगावर येतं.

खरी परीक्षा अडकलेल्या तुकड्याची. पक्कडीने ओढला की चुरा व्हायचा. शेवटी भोकात कापडाचा बोळा सरकवला, म्हणजे कण आत पडायला नकोत, आणि हॅक्सॉ ब्लेडने प्लॅस्टिकला आतून दोन खाचा पाडल्या. अगदी हलक्या हाताने, कारण बाहेरच्या ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की गळती कायमची. मग स्क्रूड्रायव्हरने तुकडा आतल्या बाजूला दुमडून काढला. यातच दीड तास गेला.

नवा कनेक्टर बसवणं दहा मिनिटांचं काम. ओ-रिंगला (गळती रोखणाऱ्या रबरी कड्याला) कूलंटचं बोट लावलं, क्लिपही नवी घातली. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं भरलं, हीटर फुल ठेवून इंजिन चालवलं. बराच वेळ आत अडकलेल्या हवेचे बुडबुडे येत राहिले. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनात पातळी बोटभर उतरलेली दिसली, तेवढी भरली. त्यानंतर हललेली नाही.