आंब्याच्या पेटीचं लेबल: फुकटातली, पण चोख सामग्री

देवगड-रत्नागिरीकडे सीझनच्या तोंडावर लेबलांची घाई उडते आणि गूगलवरून उचललेलं चित्र सरळ छापखान्यात जातं. ते टाळा. हक्कांचा प्रश्न तर आहेच, शिवाय अशी चित्रं बहुधा छोटी असतात, छापल्यावर फुटतात. १० सेंटिमीटर रुंदीला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) साधारण १,१८० पिक्सेल लागतात.

अक्षरापासून सुरुवात करा. गूगल फॉन्ट्सवर ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट मोफत आहेत, व्यावसायिक कामालाही चालतात. त्यांचाच ‘मोदक’ फॉन्ट ठसठशीत आहे, पण फक्त मोठ्या नावापुरता. बारीक मजकुरात त्याच्या फटी शाईने बुजतात. फॉन्ट पक्का करण्याआधी ‘खोबऱ्याची शेव, लाल कोकम’ टाइप करून बघा. ऱ्य तुटला, किंवा ल-श हिंदी वळणाचे आले, तर दुसरा घ्या.

चित्रांसाठी विकिमीडिया कॉमन्स हा मुक्त परवान्याच्या चित्रांचा ऑनलाइन साठा. प्रत्येक फाइलखालचा परवाना वाचा: ‘सीसी बाय’ परवान्याला मूळ चित्रकाराचं श्रेय द्यावंच लागतं. नजर तयार करायला सावंतवाडीची गंजिफा (हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते) आणि पिंगुळीची चित्रकथी (चित्रं दाखवत कथा सांगायची लोककला) पाहा. रंगसंगती, किनारी शिका, नक्कल नको.

मांडणी इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापून जाणारी जादा छपाई) सोडा, नाहीतर कटिंग जरा सरकलं की पांढरी कड दिसते. शेवटी मजकूर निवडून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा; अक्षरांच्या आकृत्या होतात, म्हणजे छापखान्याच्या संगणकावर जोडाक्षरं विस्कटत नाहीत. त्याआधी मूळ फाइलची प्रत ठेवा; पाथ झालेला भाव पुन्हा टाइप करून बदलता येत नाही. सीएमवायके (छपाईच्या चार शायांची) पीडीएफ हवी असेल तर स्क्रायबस हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. स्क्रीनवरचा झगझगीत केशरी कागदावर मंदच उतरतो, तेव्हा एक नमुना आधी छापून घ्या.