प्लेटलेट पण कमी आणि हिमोग्लोबिन पण कमी? टीटीपी-एचयूएसचा संशय कधी घ्यायचा

प्लेटलेट कमी आले म्हटलं की सगळ्यांना रक्तस्रावाची भीती वाटते, पण टीटीपी (थ्रॉम्बोटिक थ्रॉम्बोसायटोपेनिक परप्युरा) आणि एचयूएस (हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम) या दोन दुर्मिळ आजारांत गणित उलटं असतं, प्लेटलेट कमी होतात कारण त्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या करण्यातच खर्ची पडतात, आणि त्या गुठळ्या किडनी, मेंदू, हृदय यांचा रक्तपुरवठा अडवतात.

सुरुवात सीबीसीपासून करा. प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन दोन्ही एकत्र पडलेत आणि रक्तस्राव, नवं औषध वगैरे कारण सापडत नाहीये, तर पेरिफेरल स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब मायक्रोस्कोपखाली, बघितला का हे डॉक्टरांना विचारा. अडलेल्या वाहिन्यांतून जाताना लाल पेशी फाटतात, स्मिअरमध्ये त्यांचे तुकडे म्हणजे शिस्टोसाइट्स दिसतात. सोबत एलडीएच वाढलेलं, हॅप्टोग्लोबिन कमी (दोन्ही लाल पेशी फुटत असल्याच्या खुणा), कूम्ब्स टेस्ट (लाल पेशींवर अँटिबॉडी चिकटल्यात का ते बघणारी) निगेटिव्ह. पीटी आणि एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या टेस्ट) मात्र बहुतेक नॉर्मल असतात, डीआयसीमध्ये (शरीरभर रक्त गोठण्याची यंत्रणाच बिघडते ती अवस्था) ते सहसा बिघडतात, हा फरक फार कामाचा.

आता लक्षणं. अंगावर बारीक लाल ठिपके, डोळे पिवळे, लघवी गडद, थकवा. टीटीपीत मेंदूची लक्षणं जास्त: डोकेदुखी, गोंधळ, बोलताना अडखळणं, फिट, आणि ती ये-जा करतात, सकाळी माणूस बरळत होता आणि दुपारी ठीक, म्हणून घरचे म्हणतात झोप झाली नसेल. छातीत किंवा पोटात दुखू शकतं. जुन्या पुस्तकांत ताप, किडनी, मेंदू धरून पाच लक्षणं दिलेली असतात, पण पाचही एकत्र फार थोड्यांना होतात, त्यांची वाट बघत बसणं धोक्याचं.

या सगळ्यात किडनीचा भाग काय? टीटीपीत क्रिएटिनिन बहुधा थोडंसंच वाढतं आणि प्लेटलेट तीस हजाराच्या खाली जातात. क्रिएटिनिन झपाट्याने वाढतंय, लघवी कमी झालीये, सूज आहे, बीपी खूप वाढलंय, तर एचयूएसकडे बघायचं. त्याआधी रक्ताचे जुलाब झाले असतील तर कारण बहुधा शिगा टॉक्सिन हे विष बनवणारा ई. कोलाय जिवाणू. हा लहान मुलांचाच आजार असं समजू नका, 2011 मध्ये जर्मनीत मोड आलेल्या बियांमधून जी साथ पसरली त्यात एचयूएस झालेले बहुतेक प्रौढच होते. जुलाब नसताना कॉम्प्लिमेंट यंत्रणेच्या (रोगप्रतिकारशक्तीचा एक भाग) बिघाडाने होतो तो अटिपिकल एचयूएस. अर्थात या सीमा काही पक्क्या नाहीत.

डॉक्टरांना आधीच सांगायच्या गोष्टी: गरोदरपण किंवा नुकतीच डिलिव्हरी, ल्युपस, एचआयव्ही, कॅन्सर, अवयव प्रत्यारोपण, आणि औषधं, त्यातही क्विनीन, क्लोपिडोग्रेल, टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन, जेमसिटाबिन.

पक्कं निदान ॲडॅम्ट्स-13 या एन्झाइमवर होतं, ते 10 टक्क्यांच्या खाली असलं तर टीटीपी. सॅम्पल प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) देण्याआधी घ्यावं लागतं, नाहीतर आकडा फसवतो. पण रिपोर्ट येईपर्यंत उपचार थांबवत नाहीत, संशय दाट असेल तर प्लाझ्मा एक्सचेंज (रुग्णाचा प्लाझ्मा काढून दात्याचा देणं) आणि स्टिरॉइड लगेच सुरू करतात, कारण उपचाराशिवाय टीटीपीत दहापैकी नऊ जण वाचत नसत. आणि नुसता आकडा वाढवायला प्लेटलेट चढवा असा आग्रह नातेवाईकांनी धरू नये, जीवावरचा रक्तस्राव किंवा गरजेची प्रोसिजर नसेल तर डॉक्टर ते टाळतातच.

टीटीपी परत होऊ शकतो, म्हणून बरं झाल्यावरही सीबीसी आणि ॲडॅम्ट्स-13 अधूनमधून करत राहायचं, आणि ठिपके किंवा बोलण्यात गडबड परत दिसली तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इमर्जन्सीत जायचं.