अँबेसेडरचं इंजिन खाली घेताय? या चुका टाळा

ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्याच्या विश्वामित्री नदीनं २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि ती पस्तिशीच्याही वर गेली. तेव्हा अकोट्यात आमच्या पोर्चमधली १९७२ ची मार्क टू अँबेसेडर सीटपर्यंत पाण्यात होती. बडोद्यात त्या आठवड्यात कुणाच्या अंगणात मगर आली याच्याच गप्पा होत्या. आमच्या गाडीच्या पोटात काय आलं ते पाणी ओसरल्यावर डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, ओढली तेव्हा कळलं. ऑइल दुधाळ चहाच्या रंगाचं होतं आणि वरच्या खुणेच्याही चार बोटं वर चढलेलं.

इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही खाली घेण्यावाचून, म्हणजे गाडीतून बाहेर काढण्यावाचून, गत्यंतर नव्हतं. अँबेसेडरवर उभी हयात घालवलेले प्रतापनगरचे एक मिस्त्री, माझा भाचा आणि मी, अशा तिघांनी ते काम पोर्चमध्येच केलं. पुढे लिहिलेल्या बहुतेक चुका माझ्या आहेत. एकदोन भाच्याच्या, पण त्याला मीच तसं सांगितलं होतं.

सेल्फ मारून बघायचा मोह

पुरातून निघालेली किंवा वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी म्हटली की येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो, "एकदा सेल्फ मारून तर बघा!" बघू नका. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये कपभर पाणी असेल आणि पिस्टन जोरात वर आला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. मग जे इंजिन धुऊन, नव्या रिंगा घालून चाललं असतं, त्याचा खर्च दुप्पट होतो. आधी बॅटरी सोडा आणि चारही प्लग काढा. मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून क्रँक, म्हणजे पिस्टन हलवणारा इंजिनाचा मुख्य दांडा, हातानं, अगदी सावकाश फिरवून पाहा. जाम असेल तर प्लगच्या भोकांतून थोडं थोडं डिझेल सोडून दोन दिवस गप्प बसा. पाइप लावून जोर काढायची गरज नाही.

बॅटरी सोडताना अर्थचं टोक आधी. जुन्या ब्रिटिश घडणीच्या काही गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं अधिक टोक बॉडीला जोडलेलं असतं, म्हणून काळी वायर म्हणजे अर्थ असं धरून चालू नका. बॉडीला कुठली जोडली आहे ते डोळ्यांनी बघा.

तेरा नंबरचा पाना

अँबेसेडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, आणि तिचं १४८९ सीसीचं इंजिन बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, बी-सिरीजचं. नट-बोल्ट इंची मापाचे. आपल्या पेटीत पाने मिलिमीटरचे. यातली गोम अशी की काही मापं जुळतात. पाऊण इंची बोल्टला एकोणीसचा पाना छान बसतो, पाच-अष्टमांशाला सोळाचा चालतो, आणि आपल्याला वाटतं सगळंच चालेल. मग अर्ध्या इंची बोल्टला तेराचा लावला जातो. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. नवा, सैल बोल्ट निघेलही. पन्नास वर्षं गंजलेल्या बोल्टचे कोपरे मात्र गोल होतात. नऊ-सोळांशाला तर चौदाचा शिरत नाही आणि पंधराचा खुळखुळतो.

बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या, क्लच झाकणाऱ्या घंटेसारख्या कवचाच्या, वरच्या अंगाचा एक बोल्ट मी असाच गोल केला. तिथे हात जेमतेम पोचतो, डोळा पोचतच नाही. छिन्नीनं तो काढायला अख्खी दुपार गेली. इंची मापाचे रिंग पाने आणि गोट्यांचा (सॉकेटचा) एक सेट आधी घ्या, आणि प्रत्येक गंजक्या नटावर आदल्या रात्री गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा.

अडलं म्हणजे काहीतरी जोडलेलं आहे

हा खरा मुद्दा. इंजिन काढताना जे मोडतं ते वजनानं क्वचितच मोडतं. सोडायचं राहून गेलेल्या एखाद्या गोष्टीनं मोडतं.

आमचं इंजिन वीतभर वर आलं आणि थांबलं. भाचा चेनपुलीची साखळी ओढतच होता. त्याचं म्हणणं, "मामा, आता येईल." इंजिन येत नव्हतं, गाडीचं नाक मात्र वर उचललं जात होतं. पुढच्या टायरचा फुगीरपणा कमी होताना मला दिसला, पण तो कशानं ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. मिस्त्री चहाचा कप तसाच ठेवून उठले आणि एवढंच म्हणाले, "खेंचशो नहीं, कंईक बाकी छे." म्हणजे ओढू नका, काहीतरी राहिलंय. साखळी दोन कड्या सैल केली आणि टॉर्च घेऊन ते गाडीखाली शिरले. स्टिअरिंग कॉलमवरून गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या दांड्यांपैकी एक अजून जोडलेली होती. ती थोडी वाकली होती. आणखी चार कड्या ओढल्या असत्या तर गिअरबॉक्सच्या कुशीतली लिव्हर गेली असती, आणि तो भाग आज भंगारातच शोधावा लागतो.

म्हणून साखळीला हात लावण्यापूर्वी गाडीभोवती दोनदा फिरा. एकदा वरून, एकदा खालून. वरून बघायचं ते रेडिएटरचे होज, पेट्रोलचा पाइप, अॅक्सिलरेटरची जोडणी, चोकची केबल, डायनामो, सेल्फ आणि कॉइलच्या वायरी, आणि ऑइलच्या दाबाची नळी असेल तर ती. खालून सायलेंसरचा पाइप, स्पीडोमीटरची केबल, क्लचची जोडणी, गिअरच्या दांड्या, प्रोपेलर शाफ्ट, आणि हमखास विसरली जाणारी इंजिन ते बॉडीची अर्थिंगची पट्टी. गिअरबॉक्सखालचा आडवा मेंबर सोडण्यापूर्वी गिअरबॉक्सला जॅकचा आधार द्या. पुढच्या चाकांची स्प्रिंग म्हणजे या गाडीत लांब टॉर्शन बार असतात. ते कायम पीळ भरलेले असतात, त्यांच्या नटांना हात लावायचं काहीच कारण नाही.

पेट्रोलचा पाइप सोडून तसाच लोंबता ठेवू नका. टाकीतून सायफन बसला तर पोर्चभर पेट्रोल होतं. तोंडात योग्य मापाचा बोल्ट खुपसून वरून क्लिप आवळा. त्या दिवशी आसपास कुणी बिडी पेटवणार नाही हेही बघा.

वायरींना मी कागदी चिकटपट्टीवर नावं लिहून लावली होती. आठवड्याभरात ऑइलनं शाई पुसली गेली आणि हातात बावीस कोऱ्या पट्ट्या उरल्या. पुराच्या गाळानं वायरींचे रंगही एक झाले होते. शेवटी बायकोच्या नेलपॉलिशनं काम झालं. वायरीच्या टोकाला आणि ती जिथे बसते तिथे सारखेच ठिपके द्यायचे, एक, दोन, तीन. पेट्रोलनं पुसत बसला नाहीत तर ते टिकतात. शिवाय मोबाइलवर फोटो काढा, पण काही सोडण्याआधी. सोडल्यानंतरचा फोटो काय कामाचा?

उचलताना

इंजिन-गिअरबॉक्स मिळून वजन दोनशे किलोच्या घरात. चेनपुली एक टनाची असली तरी ती ज्याला टांगलीय त्याचं काय? पोर्चच्या स्लॅबमधल्या हुकाकडे आमचं लक्ष गेलं होतं. तो पंख्यासाठी होता की पाळण्यासाठी, हे घरात कुणालाच आठवेना. मिस्त्रींनी चेनपुली टांगायचा लोखंडी घोडा भाड्यानं आणायला लावला. दिवसाचे पैसे जातात, पण झोप लागते.

दोरखंड वापरू नका, साखळी किंवा पट्टा घ्या, आणि तो पुरेसा लांब असू द्या. आखूड पट्ट्यानं उंची वाचते खरी, पण त्याच्या दोन पायांमधला कोन फाकतो. तो कोन १२० अंशांचा झाला की प्रत्येक पायावर निम्मं नव्हे तर पूर्ण वजन येतं, शिवाय इंजिनला दोन्ही बाजूंनी आत दाबणारा जोर वेगळा. टॅपेट कव्हरच्या नटांना हुक लावणारे मी पाहिलेत. ते नट पत्र्याचं झाकण धरायला असतात.

गिअरबॉक्ससकट काढायचं तर शेपूट खाली आणि नाक वर असं जवळपास पंचेचाळीस अंशांत तिरकं करावं लागतं. त्यासाठी गाडी आधीच पुरेशी उंच करून चार मजबूत लोखंडी स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर नाही. विटांवर तर अजिबात नाही, वीट न सांगता फुटते. रेडिएटर काढून ठेवा. पुठ्ठा लावून भागेल असं सगळ्यांना वाटतं, आणि पंख्याचं पातं नेमकं पुठ्ठा नसलेल्या जागी शिरतं. बॉनेट काढताना बिजागराभोवती पेन्सिलीनं रेघ मारा, नाहीतर परत बसवताना दोन्ही फटी सारख्या करण्यात रविवार जाईल.

इंजिन आणि गिअरबॉक्स, दोन्हींतलं ऑइल आधी काढा. गिअरबॉक्सचं राहून गेलं तर तिरका होताच शेपटाच्या तोंडातून ते ओतलं जातं. काढलं असलं तरी थोडं गळतंच, म्हणून तोंडाला जाड पिशवी घट्ट बांधा. गियर ऑइलचा वास शहाबादी फरशीतून सहा महिने जात नाही.

टांगलेल्या इंजिनखाली कुणीही शिरायचं नाही. हात घालून ढकलायचं असेल तर बाजूनं.

क्लच शाफ्टवर वजन

इंजिन एकटंच काढायचं आणि गिअरबॉक्स गाडीतच ठेवायचा, असाही मार्ग असतो. माझं मत विचाराल तर घरच्या कामात दोन्ही एकत्रच काढा. वेगळे करताना एकाचं वजन जर गिअरबॉक्समधून क्लचप्लेटमध्ये शिरणाऱ्या क्लच शाफ्टवर लोंबलं, अगदी मिनिटभर, तरी क्लचप्लेटचं मधलं हब वाकतं. ते तेव्हा दिसत नाही. गाडी जोडून झाल्यावर क्लच नीट सुटत नाही, पहिला गिअर कुरकुरतो, आणि माणूस क्लचची सेटिंग करत बसतो.

खाली आल्यावर इंजिन जुन्या टायरवर टेकवायची आपल्याकडे पद्धत आहे. घाई असेल तर ठीक, पण सम्प, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, पत्र्याचा असतो. पोचा पडून तो आतल्या ऑइलच्या जाळीला टेकला तर पंपाला ऑइल ओढता येत नाही. लाकडी ठोकळे ब्लॉकच्या कडांखाली द्या.

इंजिन बाहेर आहे तोवर क्लचप्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकच्या मागच्या टोकातला पायलट बुश आणि ब्लॉकची भोकं बुजवणारे पत्र्याचे प्लग बघून घ्या. यातलं एकही काम इंजिन आत गेल्यावर सोपं नाही. ब्लॉकच बदलायची वेळ आली तर मात्र जरा थांबा. इंजिन नंबर आरसी बुकात असतो, बदल केला तर आरटीओत नोंद करावी लागते. आणि ५० वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ अक्षरांची विंटेज नोंदणी मिळते, ती इंजिनात मोठे फेरफार न केलेल्या गाडीलाच. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास पॅलेसवर जुन्या मोटारींचं प्रदर्शन झालं, तेव्हापासून आमच्या ओळखीतल्या तिघांना ती पाटी हवी आहे. त्यांतल्या एकानं आधीच डिझेल इंजिन बसवलंय.

परत बसवताना अडलं तर

शेवटचा अर्धा इंच जात नाही, ही हमखास तक्रार. बेल हाउसिंगचे बोल्ट आवळून ते अंतर मिटवू नका, हाउसिंगचा कान तुटतो. गिअरबॉक्स टॉप गिअरमध्ये टाका आणि एकजण मागचं टोक हातानं हलकेच फिरवत असताना दुसऱ्यानं सरळ रेषेत ढकला. दाते जुळले की तो आपणहून आत जातो. नाहीच गेला तर क्लचप्लेट मध्यावर नाही किंवा उलटी बसली आहे. ती जुन्या क्लच शाफ्टनं मध्यावर आणतात.

सुरू करण्यापूर्वी प्लग काढून सेल्फ फिरवा, ऑइलचा दाब दिसेपर्यंत. आम्ही सेल्फ मारला तेव्हा तो जेमतेम कण्हला, आणि डॅशबोर्डखालून धूर आला. चोकची केबल तापून लाल झाली होती. अर्थिंगची पट्टी लावायची राहिली होती, मग सेल्फचा सगळा करंट बॉडीकडे जायला तेवढीच एक वाट उरलेली. वर दिलेल्या यादीत "हमखास विसरली जाणारी" असं तिला उगाच म्हटलेलं नाही.

वीस मिनिटं चालू ठेवून बंद केल्यावर बेल हाउसिंगखाली पुठ्ठा सरकवून रात्रभर ठेवा. थेंब पडलाच तर बोटावर घेऊन वास घ्या. कुजकट गंधकासारखा आला तर गिअरबॉक्सचा पुढचा भाग गळतोय. साध्या ऑइलचा असेल तर मात्र चटकन इंजिन पुन्हा खाली घेऊ नका. या इंजिनाला मागे रबरी सील नाही, क्रँकवर ऑइल माघारी फिरवणारे आटे कोरलेले आहेत. सकाळी पुठ्ठ्यावर रुपयाएवढा डाग असला तर मिस्त्री त्याकडे बघतही नाहीत.