घरच्या घरी स्वतःला रेकी देण्याची पद्धत

रेकी म्हणजे तळहात ठेवून शरीराला ऊर्जा देता येते असे मानणारी पद्धत; जपानमध्ये मिकाओ उसुई यांनी ती १९२२ च्या सुमारास शिकवायला सुरुवात केली. या ऊर्जेचे अस्तित्व विज्ञानाने सिद्ध केलेले नाही. तरीही स्वस्थ पडून संथ श्वासाकडे लक्ष दिल्याने अनेकांना हलके वाटते आणि तेवढ्यासाठी ती करून पाहण्यास हरकत नाही.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात भर दुपारी हा प्रयोग करू नये. पहाटे, किंवा रात्री वारा सुटल्यावर गच्चीवर सतरंजी अंथरून उताणे पडावे. घड्याळ काढून ठेवावे आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. तळहात एकमेकांवर चोळून, बोटे जुळवून डोळ्यांवर अलगद ठेवावेत. बुबुळांवर दाब येता कामा नये आणि नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात. साधारण ३ ते ५ मिनिटांनी हात कानशिलांवर, मग डोक्यामागे, छातीवर, पोटावर आणि शेवटी ओटीपोटावर न्यावेत. गळ्यावर मात्र हात टेकवण्यापेक्षा किंचित वर धरलेला बरा. दिवसभर कापूस वेचून खांदे भरून आले असतील, तर कोपरांखाली उशी किंवा घडी घातलेली गोधडी घ्यावी, नाहीतर हात अवघडतात आणि सगळे लक्ष तिकडेच जाते. मध्येच झोप लागली तर खुशाल लागू द्यावी.

परंपरेनुसार यासाठी गुरूकडून दीक्षा घेतात. परंतु केवळ विश्रांतीसाठी महागडे शिबिर करणे मला अनावश्यक वाटते. रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या रेकीच्या भरवशावर बंद करू नयेत आणि छातीत दुखल्यास अथवा उष्माघाताची लक्षणे दिसल्यास थेट दवाखाना गाठावा.