ड्युअल-स्पोर्टचं गिअरिंग बदलताय? चेन कापण्याआधी या चुका टाळा

ड्युअल-स्पोर्ट, म्हणजे डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांची मोटरसायकल, असलेलं कोणी "मागे मोठं स्प्रॉकेट मागवलंय" (स्प्रॉकेट म्हणजे चेन ज्यावर फिरते ती दातेरी चकती) म्हणालं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "चेन अजून कापली नाहीस ना?" बऱ्याचदा उत्तर येतं, "कापली की, जुन्या मापाने." आणि मग पुढचा अर्धा दिवस कसा जाणार हे मला तिथेच कळतं.

पुढचे दात, मागचे दात, चेनच्या कड्या आणि मागच्या अ‍ॅक्सलची (चाकाच्या मधल्या दांड्याची) जागा, या चार गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत. एक हलली की बाकीच्या हलतात. म्हणून चेन सगळ्यात शेवटी कापायची. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका हा क्रम उलटा झाल्यामुळे होतात.

काय कमी पडतंय ते न ठरवताच दात बदलणं

"गाडीला पिकअप हवा" हे कारण पुरत नाही. कुठे हवा? दगडांच्या चढावर पहिल्या गिअरमध्ये चालण्याच्या वेगाने जाताना सारखा क्लच अर्धा दाबून धरावा लागतो का? मग गिअरिंग खरंच उंच आहे, म्हणजे त्या वेगाला इंजिन फार हळू फिरतंय. की डांबरीवर शेवटच्या गिअरमध्ये पाय आपोआप आणखी एक गिअर शोधतो? मग तुम्हाला उलट दिशेने जायला हवं. आठवडाभर चालवून हे कागदावर लिहा.

हिशोब सोपा आहे. मागचे दात भागिले पुढचे दात. कावासाकी केएलआर ६५० वर पुढे १५ आणि मागे ४३ दात येतात, म्हणजे २.८७. पुढे १४ केले की ३.०७. फरक सुमारे ७ टक्के. तेवढाच फरक मागून आणायचा तर ४६ दातांचं स्प्रॉकेट लागतं. म्हणून पुढचा एक दात मागच्या साधारण तिनांच्या बरोबरीचा धरतात. ७ टक्के म्हणजे ज्या वेगाला इंजिन ५००० आरपीएमवर फिरत होतं, त्याच वेगाला आता ५३५० च्या आसपास फिरणार.

घाईतले लोक एका दमात पुढचे दोन दात कमी करतात आणि मागचे तीन वाढवतात. वरच्याच गाडीवर १३/४६ म्हणजे ३.५४, जवळजवळ २३ टक्के फरक! तेच ५००० आता ६१५० च्या पुढे गेलं. कच्च्या रस्त्यावर पहिले दोन दिवस मजा वाटते. मग घरी परतताना तीन तास डांबरीवर हँडल थरथरतं आणि हाताची बोटं बधिर होतात.

माझी सवय अशी: आधी फक्त पुढचा एक दात कमी करायचा. पुढचं स्प्रॉकेट स्वस्त असतं, तासाभरात बदलता येतं आणि बहुतेक वेळा आहे तीच चेन चालते. दोन-तीन आठवडे वेगवेगळ्या रस्त्यांवर चालवून मगच मागच्या स्प्रॉकेटला हात लावायचा. सेट एकदम मागवण्याची घाई मला अजिबात पटत नाही.

पुढचं स्प्रॉकेट लहान करत जाणं

स्वस्त पडतं म्हणून तेच लहान करत राहू नका. चेनची प्रत्येक कडी स्प्रॉकेटवर चढताना वाकते. १५ दातांवर ती २४ अंशांत वाकते, १२ दातांवर ३० अंशांत. वाकणं वाढलं की कडीच्या सांध्यातल्या पिन-बुशची झीज वाढते. शिवाय ५२० मापाच्या चेनच्या स्प्रॉकेटचा व्यास दर दातामागे साधारण ५ मिमी कमी होतो, म्हणजे दोन दात कमी केले की चेनची वरची बाजू स्विंगआर्मकडे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याकडे) ५ मिमी खाली येते. तिथल्या रबरी पट्टीवर बोट फिरवून पाहा. ताजी खाच लागली तर समजा की चेन पट्टी कापत चालली आहे, आणि त्या पट्टीखाली स्विंगआर्मचा धातू आहे. ५२० चेनवर १३ च्या खाली मी स्वतः जात नाही. त्याहून जास्त फरक हवा असेल तर मागचं मोठं करतो.

नवी चेन जुनीच्या शेजारी ठेवून कापणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

जुनी चेन काढली, फरशीवर सरळ पसरली, नवी तिच्या शेजारी ठेवली. जिथे जुनी संपली तिथे नवीवर खूण केली आणि कापली. चेन बसली, गाडी चालली, मी खूश. सातआठशे किलोमीटरनंतर चेन ढिली पडली. अ‍ॅक्सल मागे घ्यायला गेलो तर अ‍ॅडजस्टर (चाक पुढे-मागे सरकवणारा स्क्रू) जवळजवळ टोकाला पोचलेला. नव्या चेनला!

कारण नंतर कड्या मोजल्यावर कळलं. ५२० चेनची एक कडी १५.८७५ मिमी. ११० कड्यांची नवी चेन १७४६ मिमी भरते. माझी जुनी ११० कड्यांचीच होती, पण दीडएक टक्का लांबलेली, म्हणजे तब्बल २६ मिमी जास्त, दीड कडीहून अधिक. टोकाला टोक जुळवल्यावर नवी ११२ कड्यांची झाली. अ‍ॅडजस्टर संपला म्हणूनच तर मी जुनी काढली होती. तिने जिथे दम तोडला, बरोबर त्याच जागेवरून नवीचं आयुष्य सुरू झालं. शेवटी त्यातल्या दोन कड्या काढायला पुन्हा सगळं उघडलं.

तेव्हापासून माझी पद्धत एकच आहे. आधी दोन्ही नवी स्प्रॉकेट बसवायची. मग मागचं चाक स्विंगआर्ममधल्या ज्या लांबट खाचेत सरकतं तिच्या पुढच्या एक-तृतीयांश भागात आणायचं, टायर पुढे मडगार्डला किंवा स्विंगआर्मला घासत नाही ना ते हाताने फिरवून बघायचं. मग न कापलेली चेन दोन्ही स्प्रॉकेटवरून घ्यायची, दोन्ही टोकं मागच्या स्प्रॉकेटच्या दातांवर आणायची आणि जी कडी जुळते तिला रंगीत दोरा बांधायचा. कड्यांची संख्या सम हवीच. विषम आली तर पुढच्या समवर जायचं. ते अर्ध्या कडीचे जोड अशा गाडीवर वापरू नका. मग चहा पिऊन यायचं, कड्या पुन्हा मोजायच्या, आणि मगच पिनची डोकी ग्राइंडरने सपाट करून चेन कापायची. डोकी न घासता कटर लावला तर कटरचीच पिन मोडते.

दात बदलताना अंदाज हवा असेल तर एवढं लक्षात ठेवा: ५२० चेनवर पुढचे-मागचे मिळून एक दात वाढला की अ‍ॅक्सल साधारण ४ मिमी पुढे येतो. दोन कड्या वाढवल्या की साधारण १६ मिमी मागे जातो. समजा १५/४५ वर ११० कड्या आहेत आणि मागे ५० लावलं, तर चाक २० ते २२ मिमी पुढे ओढलं जाणार. खाचेत तेवढी जागा नसेल तर ११२ कड्या लागतील, आणि तेव्हा चाक मूळ जागेच्या ५-६ मिमी पुढे राहील. हे चेन मागवण्याआधी करायचं गणित आहे, कारण मोठ्या चेनच्या कड्या काढता येतात, छोटी चेन मात्र वाया जाते.

स्टँडवर चेन "छान ताठ" करणं

या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण हिच्यात थेट इंजिन मरतं.

ड्युअल-स्पोर्टचा मागचा सस्पेन्शन प्रवास मोठा असतो. चाक वर-खाली होताना चेनचा ताण बदलत राहतो. पुढच्या स्प्रॉकेटचा मध्य, स्विंगआर्मचा पिव्हट (ज्यावर तो वर-खाली हलतो तो सांधा) आणि मागचा अ‍ॅक्सल हे तिन्ही एका सरळ रेषेत आले की चेन सगळ्यात ताठ होते. गाडी स्टँडवर असताना चाक खाली लोंबकळत असतं, त्यामुळे तिथे चेन ढिली दिसते. ती दिसू द्या. लोंबकळणारी चेन बघवत नाही म्हणून जो ती ताणतो, त्याच्या चेनला पहिल्या खड्ड्यात जायला जागाच उरत नाही.

आमच्याबरोबर एका मोठ्या दौऱ्यावर एक मित्र होता. निघायच्या आदल्या रात्री मागे चार दात मोठं स्प्रॉकेट बसवलं आणि चेन स्टँडवर ताणून घेतली. मी म्हणालो, "अरे, ढिली कर थोडी." तो म्हणाला, "नवी आहे, आपोआप ढिली होईल." मागे दोन बॅगा आणि तंबू. तिसऱ्या दिवशी पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरखाली तेलाचा काळा ओघळ दिसला. कव्हर काढलं, चेन उतरवली, दोन बोटांनी स्प्रॉकेट धरून वर-खाली हलवलं. टिक, टिक. निरोगी शाफ्टला तसा आवाज येत नाही. आउटपुट शाफ्टचं (पुढचं स्प्रॉकेट ज्यावर बसतं त्या दांड्याचं) ऑइल सील गेलं होतं आणि त्यामागचं बेअरिंगही. ते बदलायला इंजिन उतरवून केस उघडावी लागली. तो दौरा त्याने दुसऱ्याच्या गाडीमागे बसून पूर्ण केला.

बरोबर पद्धतीला पाऊण तास लागतो. मागच्या शॉक अब्सॉर्बरचा खालचा बोल्ट काढा, चाक हाताने उचलत ते तीन मध्य एका रेषेत आणा आणि खाली विटा किंवा लाकडी ठोकळे लावा. या स्थितीत चेनमध्ये वर-खाली बोटभर, १०-१५ मिमी खेळ राहील असा अ‍ॅक्सल बसवा. चाक फिरवून तीन-चार ठिकाणी बघा, कारण वापरलेली चेन सगळीकडे सारखी लांबत नाही. सगळ्यात ताठ जागेवर माप घ्या. मग शॉक परत जोडा, गाडी नेहमीच्या स्टँडवर लावा, आणि आता स्विंगआर्मवरच्या एका ठरावीक जागी किती मिमी खेळ आहे ते मोजा. पुस्तिकेतला आकडा मूळ सस्पेन्शन आणि मूळ दातांसाठीचा आहे. तुमच्या गाडीचा आकडा आता हा.

बाकीच्या चुका

नव्या स्प्रॉकेटवर झिजून लांबलेली जुनी चेन चढवू नका. ती नवे दात झिजवते. चेन तशी असेल तर दोन्ही एकत्रच बदला.

चेन लॉकच्या (चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीच्या) क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते तिकडे हवं. चेनच्या वरच्या बाजूला पाहिलं तर ते पुढच्या चाकाकडे येतं. लांबच्या प्रवासाला मी रिव्हेटची कडीच वापरतो.

पुढच्या स्प्रॉकेटचा नट चेन काढण्याआधी ढिला करा, मागचा ब्रेक दाबून. चेन उतरवल्यावर स्प्रॉकेटमध्ये स्क्रूड्रायव्हर अडकवून पाना ओढणारे पाहिले की मला कसंतरी होतं.

ओ-रिंगची (कड्यांत रबरी सील असलेली) चेन पेट्रोलने धुऊ नका. रॉकेल चालतं.

तुमच्या गाडीचा वेग गिअरबॉक्सवरून मोजला जात असेल तर गिअरिंग खाली आणल्यावर मीटर तितकाच टक्के जास्त वेग आणि जास्त किलोमीटर दाखवेल. चाकावर सेन्सर असेल तर फरक पडत नाही.

नवी चेन पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये बसते, त्यामुळे तेवढ्यात एकदा खेळ पुन्हा मोजा. मी तो आकडा, दातांची जोडी आणि कड्यांची संख्या स्विंगआर्मच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने लिहून ठेवतो: १४/४५, ११०, ४२ मिमी. दौऱ्यावर अंधारात टॉर्च मारून चेन बघावी लागली तर हाताशी हेच तीन आकडे लागतात.